बेडकांचा पूल, बगळ्यांचा पूल

शनिवार, २४ मे

या वसंतात आमच्या पोहण्याच्या पूलसाठी माझ्या हातून झालेल्या वस्तू: शर्यतीआधी पोरांना ओळीने बसवायची बाकं, सिडार लाकडाची, खिळ्याचं डोकं कुठेही दिसणार नाही. लेनच्या दोऱ्या गुंडाळायचं चाक, एका हाताने फिरतं. उथळ बाजूच्या पायऱ्यांचा कठडा. बक्षिसांच्या रिबिनींची पेटी, चारी कोपरे दातात दात घालून जोडलेले. टीमची बर्निस म्हणाली, "लीलंड, रिबिनी ठेवायच्यात रे, दागिने नाही!" रिबिनींना काय, खोकंही चाललं असतं. मला चाललं नसतं.

मजुरी घेतली नाही. कुणी शिकवलंही नाही. लायब्ररीतली पुस्तकं आणि वाया गेलेलं लाकूड, हे माझे दोन मास्तर. आता लोकांची स्वयंपाकघरं करतो आणि ती पंधरा-पंधरा वर्षं कुरकुरत नाहीत.

आज पूल उघडला. पाणी म्हणजे बर्फ. जूनीने सगळ्यांच्या आधी उडी मारली. नऊ वर्षांची पोर, ओठ जांभळे झाले तरी बाहेर येईना. थिया बारा वर्षांची, मोठी. ती टॉवेल गुंडाळून पायरीवर, घोट्याएवढ्या पाण्यात.

"उतर की आत."

"मी आतच आहे बाबा. थोडीशी."

पाठ धरली आहे. उन्हाळा अजून सुरूही झाला नाही.


गुरुवार, २९ मे

हेरन हिल पूलचं पत्र! नॅडीनने टपालपेटीपाशीच फोडलं आणि तिथूनच हाक मारली. जूनी जन्मली त्या वर्षी त्यांच्या यादीत नाव घातलं होतं. घातलं आणि मी विसरलो. बायको विसरली नव्हती. नंबर लागला.

एका घराला एक पूल, एका पूलला एक टीम. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही. हा उन्हाळा पोरी इकडेच पोहतील. पुढल्या उन्हाळ्यापासून तिकडे, जर हो म्हटलं तर. उत्तर १८ जुलैच्या आत. नाही म्हटलं तर नाव यादीच्या तळाशी, म्हणजे नातवंडांसाठी. प्रवेशाच्या पैशांचा आकडा वाचला आणि पत्र पालथं ठेवलं.

आमच्या टीमचं नाव बेडूक, त्यांचं बगळे. नावं ठेवताना कुणी एकमेकांना विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"नऊ वर्षं थांबलो आपण," नॅडीन म्हणाली.

"थांबलो कुठे? पोरी पोहत होत्या."

"तिकडे जूनीला खरा कोच मिळेल. इकडे ती कॉलेजची पोरगी. शिट्टी फुंकते आणि फोन बघते."

हे खरं आहे.

"आणि थिया?"

"थियाला काय, कुठलंही पाणी सारखंच."

हेही खरंच वाटलं.


मंगळवार, ३ जून

मागल्या आठवड्यात बर्निसने गाठलंच. टीमचा सगळा गाडा तीच ओढते. स्वतःची तीन पोरं, त्यातली दोन कधी सापडत नाहीत. म्हणाली, "प्रत्येक टीमने आपले पंच आणायचे असतात. आपला एक गेला फ्लोरिडाला. दुसरा मिळाला नाही तर शर्यती घेता येणार नाहीत. तुला नियम आवडतात ना? जा मग."

गेलो. शाळेच्या कॅन्टीनमध्ये वर्ग, लहान मुलांच्या स्टुलांवर आम्ही मोठी माणसं बसलेलो. शिकवणाऱ्या बाई कडक. "शंका असेल तर फायदा पोहणाऱ्याला. चूक दिसली आणि शंका नसेल तर हात वर, पोहणारा बाद. मूल कुणाचं आहे ते बघायचं नाही."

मी विचारलं, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच क्षणी लागले, पण एक वर आणि एक खाली, तर?

"तर चालतं. एकाच क्षणी लागले की झालं. पण हे विचारणारे तुम्ही पहिलेच."

परीक्षेत एकही चूक नाही. बाकीचे आडाख्याने लिहीत होते; मी नियमांचं पुस्तक आदल्या आठवड्यातच वाचून संपवलं होतं.

पंचाचा वेश: पांढरा शर्ट, निळी अर्धी चड्डी. घरी घालून दाखवला. नॅडीन म्हणते, "आइस्क्रीमची गाडी कुठे लावलीस?" दोन्ही पोरी लोळून लोळून हसल्या. हसा.


शनिवार, ७ जून

हंगामाआधीची चाचणी. सगळ्यांच्या वेळा घेऊन ठेवायच्या, म्हणजे कुणाला कुठे उतरवायचं ते कळतं.

पोरांच्या दंडावर मार्करने शर्यतींचे आकडे लिहितात. एका नव्या आईने आधी सनस्क्रीन चोपडलं आणि त्यावर मार्कर! आकडे ओघळून कोपरापर्यंत. तिची दोन्ही पोरं भलत्याच रांगेत जाऊन बसली. दरवर्षी एक तरी आई हे करतेच. थियाने त्या दोघांना हाताला धरून आपल्या जागी नेलं, टॉवेलने दंड खसाखसा पुसला, पुन्हा लिहून दिलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जूनी पाण्यात पडली की पाणीच बाजूला होतं. तिच्या गटात दुसरी आली ती अर्धा पूल मागे.

थिया ब्रेस्टस्ट्रोकला शेवटची. जेलीची कोरडी पूड चाटून जीभ हिरवीगार. सगळी पोरं चाटतात, म्हणे जोर येतो. बाहेर आली, जीभ दाखवली. "बाबा, मागून पहिली!"

तिच्या पायांच्या मारात काही चूक नाही. मी नीट बघितलं. ताल आहे, जोर नाही.


शनिवार, २१ जून

हरलो. किती फरकाने ते लिहीत नाही.

मध्येच गडगडलं. गडगडलं की पूल रिकामा करायचा, अर्धा तास. सगळे आपापल्या गाड्यांत. आमच्या गाडीत दोन ओल्या पोरी, बेगल पावाचा वास आणि काचांवर वाफ. थिया सांगत होती: सहा वर्षांची मॅबेल तोंड पाण्यात घालायला भिते, तिला सांगायचं की खाली चांदीचं नाणं पडलंय. छोटा ऑरिन उडी मारताना डोळे मिटतो, त्याच्यासमोर उभं राहून नाव घ्यायचं. अशी एकेकाची गोष्ट. मला वाटलं होतं ती बाकांपाशी नुसती बसलेली असते.

जूनी झोपली होती. तिला गडगडाट संपण्याशी मतलब.


मंगळवार, २४ जून

सकाळी उठवत नव्हतं. उठलो.


रविवार, २९ जून

हेरन हिल बघायला गेलो. तिथले अध्यक्ष व्हिटकम स्वतः फिरवत होते. गृहस्थ सभ्य. दात फार.

पाणी काचेसारखं. आठ लेन. खाण्याची वेगळी खोली. बाकं मात्र विकतची. स्क्रू गंजलेले, दोन हलत होती. मी एक हलवून दाखवलं.

"आम्ही दर तीन वर्षांनी नवी घेतो, मिस्टर प्रुइट."

"म्हणूनच हलतात," मी म्हटलं. नॅडीनने कोपर मारलं.

भिंतीवर विक्रमांचा फळा आहे. जूनी त्याच्यासमोर उभी राहिली ती हलेना. ओठ हलत होते, नावं वाचत होती. शेवटी विचारलं, "ही नावं रंगवतात की चिकटवतात?"

व्हिटकम हसले. "रंगवतो. पुसली जात नाहीत."

पोरीचा चेहरा बघून मला नजर दुसरीकडे वळवावी लागली.

मग ते म्हणाले, "आणि मोठी काय पोहते?" ब्रेस्टस्ट्रोक, म्हटलं. वेळ विचारली. सांगितली. "छान," म्हणाले. गिऱ्हाइकाने स्वतःच भयंकर रंग निवडला की मीही असंच 'छान' म्हणतो.

मोठी कुठे होती? छोट्यांच्या डबक्यात, कुणाच्या तरी रडणाऱ्या पोराला पाण्यात फुगे काढायला शिकवत.

परतताना गाडीत जूनी: "बाबा, मला इथे यायचंय. तू रागावणार नाहीस ना?"

"रागवायचं काय त्यात."

"थिया, तुला?"

"चालेल."

थियाचं 'चालेल'. कशाचंही माप घेऊ शकतो मी. याचं आजवर जमलेलं नाही.


शनिवार, ५ जुलै

हरलो. पण थिया चौथी! पहिल्या तिघांनाच गुण, त्यामुळे टीमला काही उपयोग नाही. पण या हंगामात प्रथमच ती शेवटची नाही. तीन आठवडे कोच तिला म्हणे सरावानंतर थांबवून घेते. फोन बघणारी ती पोरगी. म्हणजे मी तिच्याबद्दल लिहिलं ते सगळंच बरोबर नव्हतं.

काल चार जुलैची आतषबाजी, त्याआधी दिवसभर बेथेस्डा गावातल्या एका घरी कपाटं बसवली. उभ्या उभ्या डोळे मिटत होते. शिट्टीने जागा झालो.


शुक्रवार, ११ जुलै

शर्यतीच्या आदल्या दिवशी आमच्यात सगळी टीम मिळून पास्ता खाते. बर्निसच्या अंगणात. ज्याच्या त्याच्या अंगाला सॉस. थियाने ओळीने सगळ्या छोट्यांच्या पाठींवर हिरवे बेडूक काढले. शेवटचा बेडूक माझ्या मनगटावर. "पंचाला चालतो का?"

"नाही चालत. धुवावा लागेल."

"माहीत होतं," म्हणाली आणि तरी काढला.

उद्या बगळे. बर्निस म्हणते, "ते आपल्याला खाणार, पण निदान घास घशात अडकू दे!"

घरी येताना थियाने विचारलं, "बाबा, उद्या तू कुठल्या भिंतीला उभा?"

"वळणाच्या."

"बरंय. मग तू मला जवळून बघशील."


शनिवार, १२ जुलै

लिहायचं नव्हतं. पण न लिहून काही बदलणार नाही.

वळणाच्या भिंतीवर डावीकडच्या तीन लेन माझ्या, उजवीकडच्या तीन बगळ्यांच्या पंचाच्या. थिया तिसरीत.

सुरुवातीलाच कळलं, आज काहीतरी वेगळं आहे. ताल तोच, पण आता जोर होता. माझ्याकडे येत होती तेव्हा ती तिसरी होती. तिसरी! समोरच्या काठावर बर्निस उड्या मारत होती. "थिया! थिया!" सगळे बेडूक ओरडत होते. मॅबेल बाकावर उभी. मी वाकून भिंतीकडे बघत होतो. डोकं वर आलं, श्वास घेतला, आणि भिंतीला आधी डावा हात लागला. मग उजवा.

आधी डावा. मग उजवा. घाई झाली तिला. तिसरी आहे हे तिला कळलं होतं, म्हणून घाई झाली.

शंका असती तर फायदा तिला दिला असता. शंका शोधली. देवाशपथ शोधली. नव्हती.

हात वर केला.

रेफ्रीचं, म्हणजे मुख्य पंचाचं, लक्ष जाईपर्यंत हात वरच ठेवायचा असतो. रेफ्री भलतीकडे बघत होता. थिया माझ्यापासून लांब जात होती, पाठमोरी, आणखी जोरात, आणि मी पांढऱ्या शर्टात हात वर करून उभा. सगळ्या पूलला दिसलं. फक्त तिचं डोकं पाण्यात होतं.

तिसरी आली. दोरीला धरून वर बघितलं, घड्याळवाल्यांना विचारलं, आणि दोन्ही मुठी पाण्यावर आपटल्या. मला शोधलं. लांबून हात हलवला.

पोहणाऱ्याला पंचाने सांगायचं नसतं. चिठ्ठी जाते, मग कोच सांगते. मी माझ्या भिंतीवर उभा राहून बघितलं. कोच वाकली. थियाचे हात खाली गेले. तिने या बाजूला बघितलं नाही. त्यानंतर दिवसभरात नाही.

बर्निस माझ्याकडे आली ती भांडायलाच. "दुसऱ्या पंचाला दिसलंसुद्धा नव्हतं, लीलंड!"

"त्या लेन त्याच्या नव्हत्या."

"बारा वर्षांची पोर आहे ती! तुझी!"

"म्हणून काय, डावा हात उजव्याबरोबर लागला असं लिहू?"

मग म्हणाली, "तू ना, आपल्या त्या पेटीसारखा आहेस. एक कोपरा ढिला नाही." ही स्तुती नव्हती.

व्हिटकम पलीकडे त्यांच्या तंबूत होते. त्यांनी मान लववली. मी लववली नाही.


रविवार, १३ जुलै

चर्चला जाऊन आलो.

नॅडीन भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून: "तू बरोबर होतास. मला ठाऊक आहे तू बरोबर होतास. पण एकदा तिच्या खोलीत जाऊन उभा तरी राहा."

गेलो. दार बंद होतं. हे दार मीच बसवलंय. खालून बोटभर उजेड येतो. वाजवलं.

"थिया."

"झोपलेय."

"तुझ्या पायांचा मार कालच्या शर्यतीत सर्वांत चांगला होता. सगळ्या सहाजणींत."

खरं तेच सांगितलं होतं. दिलासा म्हणून नव्हे.


सोमवार, १४ जुलै

जेवताना थियाने जाहीर केलं, "मी पोहणं सोडलं. कायमचं." मक्याचं कणीस खाली ठेवलं. "आता तुम्हाला सोपं झालं ना? जा बगळ्यांकडे. माझ्यासाठी अडायला नको."

जूनी रडायला लागली. "माझ्यामुळे नको सोडूस!"

"तुझ्यामुळे नाही गं, वेडाबाई. तू छान पोहतेस. तू जा." आणि तिच्या ताटात आपल्या टरबुजाची फोड ठेवली.

नॅडीनने माझ्याकडे बघितलं. काय राहिलं आता बेडकांकडे? एक मोठी, जी पोहणार नाही. एक छोटी, जिला नाव रंगवून हवंय. एक टीम, जी माझ्याशी धड बोलत नाही.

चेक लिहिला. पाकिटात घातला. शुक्रवारपर्यंत नेऊन देईन.

जूनी नाचली नाही. मला वाटलं होतं नाचेल.


मंगळवार, १५ जुलै

काम. ऊन. काही नाही.


बुधवार, १६ जुलै

सकाळी जूनीला सरावाला सोडलं. मागे वळलो तर मागच्या सीटवर नेहमी पडलेली थियाची पोहण्याची पिशवी नव्हती. घरी विचारलं तर नॅडीन म्हणाली, "ती सायकलवरून गेली केव्हाच. मला वाटलं तुला सांगितलंय."

परत गेलो. कुंपणापाशी थांबलो, आत नाही गेलो. सराव दुसऱ्या टोकाला चालला होता, शिट्ट्या, आरडाओरडा, जूनी सर्वांत पुढे. कडेच्या लेनमध्ये थिया एकटी. पूर्ण लांबी पोहतच नव्हती. भिंतीपासून थोडं मागे जायची, दोनदा हातपाय मारायची, भिंतीला हात लावायची. पुन्हा मागे. पुन्हा. दोन्ही हात. दोन्ही हात. एकदा डावा आधी लागला तसं तिने स्वतःच मान हलवली आणि मागे गेली.

मॅबेल काठावर पालथी पडून बघत होती. "आता बरोबर!" ओरडायची. "आता चूक!" आणि चूक असली की आपला इवलासा हात वर करायची. थिया खदखदून हसली. चार दिवसांनी ऐकलं ते हसणं.

तिने मला बघितलं नाही. बघितलं असेल तर दाखवलं नाही. मी गाडीत जाऊन बसलो. कामाला उशीर झाला. गिऱ्हाईक बोललं. बोलू दे.


गुरुवार, १७ जुलै

व्हिटकमचा फोन. "स्वतःच्या मुलीला बाद करणारा पंच आम्हाला हवाय, मिस्टर प्रुइट. असा माणूस आमच्याकडे एक नाही." दर शनिवारी मी त्यांचा पंच. जूनी थेट शनिवारच्या संघात. मी विचारलं, थिया? म्हणाले, मोठीला संघात घेणं कठीण, तिच्या वयाच्या वेगवान मुली खूप आहेत. तिने पूलवर यावं, ऊन खावं. त्या बदल्यात प्रवेशाचे पैसे माफ, पहिल्या वर्षाचेही माफ.

नाही म्हणालो. चेक फाडला. जूनीला अजून सांगायचं आहे.

प्रवेशाचे आणि पहिल्या वर्षाचे मिळून तीन हजार पाचशे पन्नास डॉलर.